बर्फात ठेवलेले नमुने

खानदेशात जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "भरीत खाल्लं का?" खाल्लं. आयुष्यात दोनदा खाल्लं, दोन्ही वेळा एकाच शेतात. पहिल्या वेळचं भरीत इतकं चवदार होतं की त्यापायी एका मुलीची पाच वर्षं मातीत गेली. दुसऱ्या वेळचं यंदाच्या जानेवारीत खाल्लं, तेव्हा घासागणिक पाणी प्यावं लागत होतं. ज्यांना नुसतं खाण्याचं वर्णन हवं आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं, कारण पुढे फारसं गोड काही नाही.

मी जिवाणूशास्त्राचा प्राध्यापक. होतो, असं म्हणायला हवं. गेल्या वर्षी निवृत्त झालो. केबिन रिकामी करताना कपाटात मागच्या रांगेला मनीषा झोपे हिची प्रयोगवही सापडली. मनीषा माझ्याकडे पीएच.डी. करत होती. रावेरकडच्या केळीवाल्यांची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी ती 'सोडून गेली' असं मी सगळ्यांना सांगत आलो, पण खरं म्हणजे मी तिला घालवली. वही रद्दीत टाकायच्या आधी सहज चाळली आणि एका पानावर थबकलो. पानाखाली तारखेसकट माझी सही होती. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर दर शनिवारी सह्या करायची आमच्याकडे पद्धत आहे. वाचायची नाही.

त्या पानावर काय होतं ते कळायला थोडं शास्त्र सोसावं लागेल. केळीच्या कंदात एक जिवाणू शिरतो आणि कंद कुजवतो. थंडीत तो कसा तग धरतो, हा माझा विषय. जिवाणूजवळ हजारो जनुकं असतात. एखादं जनुक वापरायचं तर आधी ते वाचून त्याचा एक संदेश तयार होतो, आरएनएचा, आणि त्या संदेशावरून प्रथिन बनतं. आपल्याला वाटतं, जिवाणूला एखादी गोष्ट नको असेल तर तो वाचायला सुरुवातच करत नसेल. नेहमी तसं नसतं. पुष्कळदा वाचन सुरू होतं, थोडं पुढे जातं, मग संदेशाचा धागा स्वतःवरच दुमडतो, त्याला गाठ बसते आणि वाचणारं यंत्र तिथेच गळून पडतं. संदेश अर्धवट राहतो. पुरा झालाच तरी टिकत नाही, मिनिटा-दोन मिनिटांत जिवाणू स्वतःच त्याचे तुकडे करून टाकतो. थंडी लागली की काही जनुकांच्या बाबतीत हे सगळं उलटतं. गाठी सुटतात, वाचन शेवटपर्यंत जातं, आणि एरवी मिनिटा-दोन मिनिटांत तुटणारा संदेश बराच वेळ शाबूत राहतो.

खानदेशातल्या केळीच्या कंदांत हे थंडीचे संदेश हिवाळाभर भरभरून असतात, असं मी दाखवून दिलं होतं. नमुने मनीषाच्या वडिलांच्या शेतातून मी स्वतः आणले होते, बर्फाच्या पेटीत. त्यावर शोधनिबंध निघाला, पारितोषिक मिळालं, शाल मिळाली.

मनीषाच्या वहीतलं पान त्या निबंधाच्या चार महिने आधीचं होतं. तिने त्याच शेतातला एक कंद घेतला, त्याचे दोन तुकडे केले. एक माझ्यासारखा बर्फात ठेवला, दुसरा जागच्या जागी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला, म्हणजे त्या क्षणी जिवाणूत जे काही चाललं असेल ते तसंच गोठावं. बर्फातल्या तुकड्यात संदेशच संदेश, नायट्रोजनमधल्या तुकड्यात जवळपास काही नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हे संदेश शेतातले नाहीत. पेटीतले आहेत.'

त्या वेळी मी ते वाचलं नाही, ऐकलं मात्र होतं. विभागाच्या चर्चासत्रात ती ते मांडायला उभी राहिली तेव्हा मी एकच विचारलं, नायट्रोजन कुठून आणलास? ती म्हणाली, गावात गाईंना कृत्रिम रेतन करणारे आहेत, त्यांच्या भांड्यातून. मी म्हटलं, "वळूच्या वीर्यात बुडवून आणलेला नमुना माझ्या प्रयोगशाळेत चालणार नाही." तीस माणसं हसली. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही.

वही सापडल्यावर मी खानदेशात निघालो तो माफी मागायला नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती चुकली असेल अशी मला आशा होती.

जळगाव

पुण्याच्या माणसाला जळगावची थंडी खोटी वाटते. उन्हाळ्यात जिथे अंगाची लाही होते असं ऐकलेलं, तिथे सकाळी सात वाजता माणसं कानटोपी घालून चहाच्या गाडीभोवती उभी होती. मी एका लॉजवर उतरलो आणि बरोबर आणलेलं नायट्रोजनचं भांडं उघडलं. पुण्याहून काठोकाठ भरून निघालो होतो. आत काही नव्हतं. बुचाला तडा होता आणि वाटेत कुठेतरी सगळा नायट्रोजन वाफ होऊन उडून गेला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांना भांडी तपासून घ्यायला शिकवलेला माणूस मी, माझं बूच मी तपासलं नव्हतं.

रिकाम्या भांड्याकडे बघत मी शेवभाजी मागवली. आमच्याकडे पाहुण्याने दुसरी पोळी नको म्हटलं की यजमान लगेच ऐकतो. इथला वाढपी नको म्हटलेलं ऐकूच येत नसल्यासारखा वाढत होता. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं. समोरचा गृहस्थ म्हणाला, "सवय नाही वाटतं." मी म्हटलं, नाही. त्याने आपल्या ताटातला गुळाचा खडा माझ्या ताटात ठेवला आणि परत जेवायला लागला.

शहरात दोन-तीन ठिकाणी फोन केले. नायट्रोजन कोणी द्यायला तयार नव्हतं. सगळ्यांनी एकच सांगितलं: गावात गाईंचं रेतन करणारा असेल, त्याला विचारा.

सावद्याच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. सावदा सोडलं की दोन्ही हातांना केळीच केळी, आणि घडांवर निळ्या पिशव्या. हवा ओलसर, गार. गावात शिरल्यावर विचारलं तर लोकांनी प्रल्हादभाऊंच्या घराशी नेलं. तीस वर्षं गाईंचं रेतन करणारा हा माणूस. ओसरीवर त्यांचं भांडं उभं होतं, माझ्या भांड्याच्या तिप्पट, गोणपाटात गुंडाळलेलं. मी काय हवं ते सांगितलं. माझं नाव सांगितलं नाही.

"लोटाभर पाह्यजे?" प्रल्हादभाऊ म्हणाले. "भरायची गाडी आठ दिसांनी येईन. तवापावतर माह्या कांड्या उघड्या पडल्या तं? एका कांडीवर एका गाईचं वरीस ऱ्हाते, साहेब."

कांड्या म्हणजे वीर्याच्या बारीक नळ्या. त्यांनी झाकण काढून आत लाकडी पट्टी घातली, किती भरलंय ते पाहिलं, परत पाहिलं.

"देतो. पन फुकट घालवू नका. अकरा-बारा वर्सं झाले, आमच्या नानांची मनी आली व्हती असंच मागाले. तिनं माह्यासमोर आधी भांडं धुतलं, मंग त्याच्यात दुसरं भांडं ठेवलं, मंग नमुना. म्हने, भाऊ, तुमचं काहीच लागलं नाही पाह्यजे याले. लय चिकट पोरगी."

वळूच्या वीर्याचा ज्याच्याशी कधी संबंधच आला नव्हता, त्या नमुन्यावरून मी तीस माणसं हसवली होती. माझ्या भांड्यात नायट्रोजन घेऊन, तडकलेल्या बुचावर त्यांनी दिलेलं गोणपाट घट्ट गुंडाळून बाहेर पडताना मला प्रल्हादभाऊंच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. पुण्याचं अंगवळण.

मनीषाचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणतात, बांधावर उभे होते. मला वाटलं होतं, ते हाकलून देतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"या सर," ते म्हणाले. "ओयखलं मी तुम्हाले. आधी जेवून घ्या. केयी कुठी पयून चालली?"

मी म्हटलं, केळी पळत नसली तरी आधी काम. त्यांनी कुदळ घेतली आणि स्वतः कंद उकरून दिला. मी त्याचे दोन तुकडे केले, मनीषाच्या वहीत लिहिल्याप्रमाणे, तंतोतंत. एक नायट्रोजनमध्ये सोडला. भस्सकन वाफ उठली. दुसरा बर्फाच्या पेटीत ठेवून पेटी निंबाखाली ठेवली. नाना उकिडवे बसून बघत होते. त्यांनी विचारलं, यात काय पाहता? मी त्यांना जनुक, संदेश, गाठ, सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या सवयीने, पुस्तकी. त्यांनी मध्येच थांबवलं.

"म्हंजे मोटर चालूच ऱ्हाते त्याची. पन वाल मधातच बंद करतो."

"हो."

"आन पानी सुटलं तरी वावर पिऊन घेते, शेवटच्या झाडापावतर जातच नाही. थंडीत मातर जाते."

एम.एस्सी.च्या मुलांना हे समजायला माझे तीन तास जायचे. मी म्हटलं, "नाना, अगदी बरोबर." ते म्हणाले, "मनीनं सांगतलं व्हतं एकदा. तवा नाही समजलं."

मग भरीत. कापसाच्या काड्यांच्या जाळावर हिरवी लांब वांगी भाजली, सोलली, मिरच्यांबरोबर लाकडी भांड्यात ठेचली, वर तेल, कांद्याची पात, शेंगदाणे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मागच्या वेळी इथेच बसलो होतो. तेव्हा पेटी याच निंबाखाली तासभर पडून होती आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, हे मला नीट आठवलं. त्या तासाभरात पेटीतला कंद हळूहळू गार होत गेला. आतल्या जिवाणूंना बिचाऱ्यांना वाटलं, मोठी थंडी आली. त्यांनी गाठी सोडल्या, संदेश पुरे केले, जपून ठेवले. मी ते पुण्याला नेऊन मोजले आणि नाव दिलं खानदेशच्या हिवाळ्याचं.

अजून सिद्ध काही झालं नव्हतं. पण मला तिथेच, भाकरी हातात असताना कळलं. त्यानंतर घासागणिक पाणी घेत राहिलो.

"मनी धुयाले ऱ्हायते," नाना आपण होऊन म्हणाले. "कॉलेजात शिकवते, अकरावी-बारावीले. तिथं काय झालं ते तिनं सांगतलं नाही, मी बी इचारलं नाही." ते उठून झोपडीत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कात्रण घेऊन आले. माझ्या पारितोषिकाची बातमी, शाल पांघरलेला मी. "आमच्या गावाचं नाव आलं व्हतं याच्यात. म्हनून ठेवलं. घ्या ना सर, भरीत घ्या."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. आणि ती वाटत असतानाही मी नानांना खरं काय ते सांगितलं नाही. निकाल आल्यावर सांगू, असं मनाला बजावलं. निघताना त्यांनी गाडीत केळीची फणी ठेवली.

तीन आठवड्यांनी पुण्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "सर, बर्फवाल्यात संदेश भरपूर आहेत. नायट्रोजनवाल्यात जवळपास काहीच नाही. असं कसं?" मी त्याला म्हटलं, असंच आहे.

धुळे

फेब्रुवारीत धुळ्याला गेलो. बसस्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, "कथा जावानं शे, बाबा?" कॉलेजचं नाव सांगून मी झोपे मॅडम म्हटलं तर स्वतःच्या मुलीच्या बाईंचं नाव ऐकून तो मागे वळून हसला. "मन्ही पोर त्यास्नाकडेच शिकस. कडक शेतस, पन बठ्ठं समजाडी सांगतस." पुण्यात चाळीस वर्षांत कुठल्या रिक्षावाल्याने माझ्याबद्दल 'सगळं समजावून सांगतात' असं म्हटलं असेल, असं वाटत नाही.

मनीषा स्टाफरूममध्ये वह्या तपासत होती. प्रत्येक पान वाचून, कडेला लिहून, मग सही. केस कानाजवळ पांढरे झालेत. मला पाहून उभी राहिली, खुर्ची पुढे केली, पाणी आणवलं. मी तिची वही टेबलावर ठेवली.

"तुमच्याकडे राहिली होती होय," ती म्हणाली. "मला वाटलं, रद्दीत गेली."

"मनीषा, तुझं बरोबर होतं. मी परत करून पाहिलं."

"मला माहीत आहे, सर."

पुढे बोलायचं बरंच पाठ करून आलो होतो, ते सगळं या चार शब्दांत संपलं. मग मी बॅगेतून पत्र काढलं. शोधनिबंध मागे घेण्यासाठी मासिकाला लिहिलेलं. आणि म्हटलं, विद्यापीठाशी बोलतो, तुझी नोंदणी परत सुरू करता येईल, वयाची अट नसते. तिने पत्र वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'नमुने हाताळण्यातील ही त्रुटी अलीकडेच माझ्या लक्षात आली.'

"अलीकडे?" ती म्हणाली.

तिने तिची वही उघडली, ते पान काढलं, माझ्या सहीखालची तारीख माझ्याकडे वळवली आणि आपलं पेन पुढे केलं. मी ओळ खोडली. 'अमुक तारखेस माझी विद्यार्थिनी मनीषा झोपे हिने ही त्रुटी दाखवून दिली होती, त्याकडे मी दुर्लक्ष केले,' असं लिहिलं. कॅटॅलॉगमध्ये, ग्रंथालयांत, माझ्या नावापुढे आता हे कायम राहणार होतं. बासष्टाव्या वर्षी माणूस आणखी काय मागे ठेवतो.

"नोंदणी नको," ती म्हणाली. "ते दिवस गेले. मला पुन्हा कोणाकडून सही घ्यायची नाही." मग घड्याळाकडे पाहून उठली. "माझा तास आहे. चला."

"मी कशाला?"

"सर, माफी तुम्ही माझ्याकडे एकटीकडे मागताय. तेव्हा हॉलमध्ये तीस जण होते. माझ्या वर्गात साठ आहेत."

ती रागाने बोलली असती तर मी नाही म्हणू शकलो असतो. ती हजेरी घ्यावी तशा आवाजात बोलत होती. मी तिच्या मागून गेलो.

बारावीचा वर्ग. मुली डाव्या हाताला, मुलगे उजव्या हाताला, मागच्या बाकांवर चौघे-चौघे. मनीषाने सांगितलं, "हे पुण्याचे सर आहेत. जिवाणू जनुकांचं काम कुठे कुठे थांबवतात ते तुम्हाला सांगतील." आणि ती मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मी नानांची मोटर आणि वाल घेतला आणि समजावलं. मुलांना पटापट कळत गेलं. निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांचीच. मग म्हटलं, आता एक गोष्ट सांगतो. एक मार्गदर्शक होते, त्यांची एक विद्यार्थिनी होती. बर्फाची पेटी सांगितली, नायट्रोजन सांगितला, वहीतलं पान, न वाचता केलेली सही सांगितली. वीर्याच्या भांड्याचा विनोद सांगितला तेव्हा मागचे मुलगे हसले आणि मग आपोआप गप्प झाले. सगळं खरं सांगितलं. फक्त एक मार्गदर्शक, असं म्हणत राहिलो.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मग त्या ताईंना डिग्री भेटली का?"

"नाही."

"पण बरोबर तर त्याच होत्या ना?"

"हो."

"मग त्या गाइडांना काही शिक्षा झाली का?"

"नाही. त्यांना पारितोषिक मिळालं."

वर्गात कुजबुज झाली. मुलगी खाली बसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मागे मनीषा भिंतीशी तशीच उभी होती, हाताची घडी घालून, माझ्याकडे बघत. मान हलवली नाही, खूण केली नाही.

"ते आता कुठे असतात, सर?"

मी म्हटलं, "तो मी."

मुलगी गोंधळली. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती हळूच म्हणाली, "थँक्यू, सर," आणि बसली. मनीषा पुढे आली, माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावर आजची तारीख घातली आणि धडा पुढे सुरू केला. मला कोणी जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. मी थोडा वेळ दाराशी उभा राहिलो, मग निघालो.